विहिणीचं मानाचं सीट

चेन्नईहून परत आल्यापासून सांगलीत जो भेटेल तो विचारतो, “काय काय पाहिलंत?” समुद्र पाहिला, देवळं पाहिली, असं मी सांगते आणि सुटका करून घेते. खरी गोष्ट अशी की त्या आठवड्यात मी जागेपणीचा बराचसा वेळ एकाच विषयाच्या काळजीत घालवला, आणि तो विषय चारचौघांत काढायची आपल्याकडे पद्धत नाही. माणूस स्वतःच्या ज्या भागावर बसतो, त्याबद्दल हे लिखाण आहे. ज्यांना संकोच वाटत असेल त्यांनी सरळ देवळाच्या वर्णनावर उडी मारावी. ते शेवटाकडे आहे आणि अगदी थोडकं आहे.

मी बँकेतून निवृत्त झाले आणि लहानपणी सुटलेली सायकल पुन्हा धरली. सांगलीत रोज सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत जायचं, नदीला नमस्कार करायचा, भाजी घेऊन परत यायचं. एवढ्यावर मी स्वतःला सायकलपटू समजत होते. माझी मुलगी ऋता चेन्नईला अड्यारमध्ये असते. तिचं सासर तंजावरी मराठी, म्हणजे कित्येक पिढ्यांपासून तमिळ मुलखात राहिलेलं. तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई राजलक्ष्मीबाई, गणिताच्या निवृत्त शिक्षिका आहेत. त्या बायकांच्या एका सायकल गटात आहेत आणि मार्गळीच्या थंडीत, म्हणजे आपल्या डिसेंबर-जानेवारीत, तो गट एका रविवारी सायकलवरून पन्नासेक किलोमीटरवरच्या महाबलीपुरमला जातो. थंडी हा त्यांचा शब्द. मला पंखा लागत होता.

फोनवर त्यांनी मला सहज विचारलं, “तुम्ही येतां का?” मीही सहज हो म्हटलं. त्याहून वाईट म्हणजे भिशीच्या ग्रुपवर लिहून टाकलं की आता माझा फोटो महाबलीपुरमच्या देवळासमोर, सायकलसकट पाहा. आमचे हे एवढंच म्हणाले, “मागून टेम्पो असतो ना गं?”

टेम्पो नव्हे, व्हॅन होती. तिला त्या बायका ‘अम्मा-वंडी’ म्हणत. वंडी म्हणजे गाडी. जी दमेल तिला सायकलसकट अम्मा-वंडीत घेतात, हातात केळं देतात आणि तिचा हसरा फोटो गटाच्या ग्रुपवर टाकतात. मुलीच्या सासरच्या गावात, केळं हातात धरून, वंडीतून उतरायचं नाही, एवढा माझा निश्चय होता.

अड्यार

विहीणबाईंचं आणि माझं नातं लग्नापासून अतिशय चांगलं होतं, आणि तीच त्यातली अडचण होती. तीन वर्षांत आम्ही एकमेकींना एकही खरी गोष्ट सांगितली नव्हती. जेवण कसं झालं? छान. प्रवास कसा झाला? छान. साडी आवडली? छानच. ऋता म्हणायची, “आई, अम्मांशी जरा मोकळी हो ना.” पण विहिणीशी मोकळं कसं व्हायचं असतं, हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही. आपल्याकडे तिला पाटावर बसवतात, भोवती रांगोळी काढतात आणि ती रुसत नाही ना, याकडे लक्ष ठेवतात. तंजावराकडेही तेच. इतक्या पिढ्यांत त्यांच्या आमटीचं सांबार झालं, पण विहिणीची धास्ती काही गेली नाही.

त्यांची मराठी ऐकायला मला फार आवडते. जुन्या बखरीतून कोणीतरी उठून आलंय आणि आपल्या स्वयंपाकघरात कुकर लावतंय, असं वाटतं. पहिल्या सकाळी पितळी वाटीतली कॉफी पेल्यात ओतत त्या म्हणाल्या, “खालीं चला. तुमची सायकल सिद्ध आहे.”

पार्किंगमध्ये दोन सायकली होत्या. एकीवर काळं, अरुंद, चकचकीत झालेलं सीट होतं. मध्ये चीर, स्पर्शाला लाकूड. दुसरीवर जे होतं त्याला सीट म्हणणं अपमान ठरेल. रुंद बैठक, वर जेलचं कव्हर, त्यावर मरून रंगाची मखमल आणि मखमलीला झालर. झालर त्यांनी स्वतः रात्री बसून शिवली होती.

“हें तुमचें,” त्या म्हणाल्या.

मला भरून आलं. या बाईंनी स्वतःला लाकूड घेतलं आणि मला मखमल दिली! मुलीच्या सासरी आईला कुठली जागा मिळते, यावरून आपण किती काय ओळखत असतो. मी मनातल्या मनात ऋताच्या सगळ्या काळज्या मिटवून टाकल्या आणि झालर सावरून बसले.

बेसंटनगरच्या किनाऱ्याकडे निघालो. रस्त्यात दारोदारी कोलम काढलेले. आपली रांगोळी उंबऱ्याशी शांत बसलेली असते, हे कोलम रस्त्याच्या मध्यापर्यंत पसरतात आणि तांदळाच्या पिठाचे असल्यामुळे मुंग्यांची तिथे न्याहारी चाललेली असते. पहिली काही मिनिटं मी पालखीत होते. मग मलाही मुंग्या आल्या. मग त्या मुंग्यासुद्धा निघून गेल्या. उरलं ते काहीच नाही. कमरेच्या वर मी होते, मांड्यांच्या खाली मी होते, मधल्या जागेत मात्र कोणी राहत नव्हतं.

किनाऱ्यावर उतरून मी समुद्राकडे बघत उभी राहिले. लोकांना वाटलं असेल, बाईंना समुद्राची ओढ आहे. मी आपली संवेदना परत यायची वाट बघत होते.

“सीट कसें आहे?” विहीणबाईंनी विचारलं.

“अगदी छान हो. गादीवर बसल्यासारखं.”

त्यांचा चेहरा खुलला. आणि माझा रविवार अधिकच अवघड झाला.

तिरुवान्मियूर

दुसऱ्या दिवशी गटातल्या काही जणींबरोबर लांबचा सराव होता, नीलांकरैपर्यंत आणि परत. मी हुशारी केली. ऋताने माझ्यासाठी सायकलची गादीवाली चड्डी आणली होती, ती घातली. पण नुसती ती कशी घालणार? आत नेहमीचे सुती कपडे ठेवलेच. आणि विहिणीसमोर चड्डीवर कसं जाणार, म्हणून वरून सलवार चढवली. वर झालरीचं सीट होतंच. एकूण माझ्या आणि सायकलीच्या मध्ये आता एवढे थर होते की दिवाळीत चिरोट्यालाही नसतात. इतक्या मऊपणात बधिरपणा शिरणार कुठून, असा माझा हिशोब.

तो शिरला, आणि नेहमीपेक्षा लवकर शिरला. शिवाय सुती कपड्याच्या शिवणी जिथे टोचू नयेत तिथे टोचायला लागल्या. नीलांकरैला उसाचा रस प्यायलो तेव्हा सगळ्या बाकावर बसल्या, मी उभी राहिले. “बसा की,” विहीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, “उभं राहून मोकळं वाटतं.” त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. विहीण उभी राहते म्हटल्यावर त्याही ग्लास घेऊन उठल्या. मग आम्ही दोघी मानाने उभ्या.

परत येताना तिरुवान्मियूरच्या शहाळेवाल्याशी थांबायचं ठरलं. मी ब्रेक लावला, पाय टाकायला गेले, आणि पाय जिथून निघतो त्या जागेकडून काही उत्तरच आलं नाही. सायकल आणि मी, दोघी सावकाश, अगदी शिस्तीत, डावीकडे कललो आणि रिकाम्या शहाळ्यांच्या ढिगावर जाऊन पडलो. लागलं काही नाही. शहाळी घरंगळत रस्त्यावर गेली आणि एक रिक्षावाला त्यांना चुकवत, काहीतरी तमिळ आशीर्वाद देत पुढे गेला. शहाळेवाल्याने मला हात देऊन उठवलं, न मागता एक शहाळं फोडलं आणि माझ्या हातात ठेवलं.

विहीणबाई धावत आल्या. “अय्यो! दुखलें का?”

“नाही.”

“खरें सांगा.”

“खरंच नाही हो दुखत. काहीच होत नाहीये. तिथे मी आहे की नाही, तेच कळत नाहीये,” मी म्हटलं, आणि मला रडू आलं. भिशीचा ग्रुप, वंडी, केळं, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. “काल सकाळपासून असंच आहे. रविवारी माझं कसं होणार?”

राजलक्ष्मीबाई पदपथाच्या कडेवर मटकन बसल्या. कपाळाला हात लावून म्हणाल्या, “माझेंच चुकलें. मऊ सीट वाईट म्हणून मजला ठाऊक होतें.”

“ठाऊक होतं? मग दिलंत कशाला?”

“विहिणीस कडक जागा द्यायची का?” त्या जवळजवळ ओरडल्याच. “गांवीं जाऊन तुम्ही काय सांगाल? मुलीच्या सासूनें दगडावर बसवलें म्हणून सांगाल!”

आता कबूल करायला हवं, मी अगदी तसंच सांगितलं असतं. आमच्या भिशीत तर झालरीसारखी शिवण घालून सांगितलं असतं.

“पण तुम्ही तरी,” त्या पुढे म्हणाल्या, “छान आहे म्हणून काय म्हणून सांगितलें?”

“तुम्ही एवढी झालर लावलीत. नावं कशी ठेवणार?”

शहाळेवाला एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. त्याला मराठी येत नव्हती, पण दोन विहिणी हसायला लागल्यात की रडायला, हे आम्हालाही त्या वेळी नक्की सांगता आलं नसतं.

मग गणिताच्या बाई जाग्या झाल्या. दोन शहाळी शेजारी शेजारी ठेवून त्यांनी मला तिथेच शिकवणी दिली. बसताना शरीराचा भार खालच्या दोन हाडांवर पडायला हवा. ही दोन हाडं. सीट कडक आणि आपल्या मापाचं असेल तर भार त्यांच्यावरच राहतो. मऊ सीटमध्ये हाडं बुडतात, आणि ती बुडाली की मधला सगळा ऐवज वर येऊन दाबला जातो. तिथल्या नसा आणि रक्त दबलं की आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा. “हें सोसायचें काम नव्हे,” त्या बोट उगारून म्हणाल्या. “दुखणें वेगळें, बधिर होणें वेगळें. बधिर झालें कीं लगेच उतरायचें. मान बिन कांहीं नाहीं.”

कणीक

शनिवारी दुपारी माझं माप घ्यायचं ठरलं. दुकानात त्यासाठी काहीतरी बसायचं यंत्र असतं म्हणे, पण परक्या माणसासमोर मी बसणार नव्हते. “घरींच करूं,” विहीणबाई म्हणाल्या आणि परातभर कणीक घट्ट मळली.

पाट मांडला. पाटावर कणकेचा जाड थर पसरला. कणकेवर, स्वच्छता म्हणून, केळीचं पान घातलं. एवढं झाल्यावर त्या थबकल्या, आत गेल्या, पीठ घेऊन आल्या आणि पाटाभोवती झरझर कोलम काढला.

“हे कशाला?”

“विहिणीचा पाट कोलमाशिवाय कसा मांडायचा?”

आता पाहा, जन्मभर मी पाटावर बसून समोरच्या केळीच्या पानावर जेवले. पानावरच बसायची ही पहिली वेळ. मी साडी सावरून, कोलम न मोडता, विधिपूर्वक बसले. “पूर्ण भार द्या,” त्या म्हणाल्या. मी दिला. उठून दोघींनी वाकून पाहिलं. पानाखाली दोन छानसे खळगे पडले होते. त्यांनी शिवणाची टेप लावून मापलं, मग कणीक पुन्हा थापून त्या स्वतः बसल्या, आणि पुन्हा मापलं.

माप तंतोतंत सारखं निघालं.

“ऋता आणि श्रीनिवासच्या पत्रिका जुळवायला किती दिवस लागले होते,” मी म्हटलं. राजलक्ष्मीबाई इतक्या हसल्या की त्यांना पुन्हा कणकेवर बसावं लागलं. नेमका त्याच वेळी आमचा जावई सिरुसेरीच्या ऑफिसचं काहीतरी काम आटपून आत आला. समोर पाट, कोलम, केळीचं पान, त्यावर हसून लोळणारी आई आणि हातात टेप घेतलेली सासू. “सॉरी अम्मा,” असं म्हणून त्याने दार हळूच ओढून घेतलं. त्याने त्याबद्दल आजतागायत काही विचारलेलं नाही.

त्या कणकेचं पुढे काय झालं, हे मीही विचारलं नाही. एवढंच सांगते, की रात्री डांगर पचडीबरोबर, म्हणजे दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाबरोबर, चपात्या होत्या आणि श्रीनिवास म्हणाला, “अम्मा, चपाती टुडे फार सॉफ्ट!” आम्ही दोघींनी माना खाली घातल्या.

जेवणानंतर बाकीच्या चुका निघाल्या. विहीणबाईंनी आवाज खाली आणून विचारलं, “त्या चड्डीच्या आंत काय घातलें होतें?”

मी सांगितलं.

“अय्यो! आंत कांहीं घालायचें नाहीं.”

“काहीच?”

“कांहींच. शिवण टोचते, घाम धरतो, कातडें सोलतें.”

साठीच्या वयात, मुलीच्या सासूकडून असा सल्ला मिळेल, असं मला ज्योतिषानेही सांगितलं नव्हतं. कातडी घासू नये म्हणून त्यांनी मलमाची डबीही दिली, आणि ते कुठे लावायचं हे सांगताना दोघीही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

मग खाली जाऊन सीटची उंची पाहिली. टाच पायडलवर ठेवून पाय सरळ झाला पाहिजे. सीट उंच झालं तर कंबर डावी-उजवी हेलकावे खाते आणि घासतं. नंतर त्यांनी सीटवर एक पट्टी आडवी टाकून तिच्यावर लिंबू ठेवलं. लिंबू पुढे घरंगळलं नाही, मागेही नाही. “सपाट,” त्या म्हणाल्या. सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, वर असेल तर तेच दाबतं. तेच लिंबू त्यांनी सकाळसाठी बाजूला ठेवलं.

पण हे सगळं चाललं होतं ते काळ्या, कडक सीटवर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या सीटवर. ते त्यांनी काढून माझ्या सायकलवर चढवलं होतं. झालर आता त्यांच्या सायकलवर होती.

“आणि तुम्ही?”

“माप एकच नव्हे का? हें तुम्हांस बसेल. मजला कांहींही चालतें. सवय आहे.”

मला नाही म्हणायला हवं होतं, पण त्यांनी दिवा मालवला.

पूर्व किनाऱ्याचा रस्ता

रविवारी उजाडायच्या आधी गट जमला. बाराएक बायका, कोणाच्या केसांत मोगरा, कोणाच्या कानात इयरफोन. मागे अम्मा-वंडी, तिच्यात केळ्यांचे घड आणि हसतमुख ड्रायव्हर. कालचं लिंबू माझ्या पुढच्या चाकाखाली ठेवून चिरडलं. इथे नव्या गाडीला असं करतात. मी काही नवी नव्हते, पण विहीणबाई म्हणाल्या, तुमची बैठक नवी आहे.

डावीकडे समुद्र होता. दिसत कमी होता, बंगल्यांच्या मधून डोकवायचा, पण वास सतत येत होता. दोन हाडं दुखायला लागली होती. सरळ, प्रामाणिक दुखणं, बोट ठेवून दाखवता येईल असं. मधल्या वस्तीत मात्र सगळे घरी होते, दिवे लागलेले होते. आयुष्यात दुखणं मला इतकं प्रिय कधी वाटलं नव्हतं.

एक नियम होता. बस स्टॉप आला की पायडलवर उभं राहायचं, पुढच्या झाडापर्यंत, म्हणजे खाली रक्त खेळतं. रांगेने आम्ही बायका प्रत्येक बस स्टॉपला उभ्या राहत होतो, आणि बसची वाट बघणारे लोक आपल्यासाठीच उभ्या राहिल्या असं समजून हात करत होते. एका आजोबांनी तर नमस्कार केला.

मुट्टुकाडूच्या पुलावर थांबलो. खाली खाडीचं स्थिर पाणी, पाण्यात होड्या, आणि उथळ भागात लांब पायांचे पक्षी एका पायावर उभे. त्यांना सीटचा प्रश्नच नाही, असं माझ्या मनात आलं. मागे वळून हे विहीणबाईंना सांगणार, तर त्या मागे नव्हत्या. बऱ्याच मागून येत होत्या.

त्यांना येताना पाहिलं आणि मी ओळखलं. डावीकडे सरकायचं, उजवीकडे सरकायचं, पुढे टेकायचं, आणि या सगळ्यात चेहऱ्यावर तेच गोठलेलं हसू. मी दोन दिवस आरशासमोर त्याचाच सराव करत होते.

“कसं आहे सीट?” मी विचारलं.

“छान आहे.”

त्यांच्या मागे, अगदी सावकाश, अम्मा-वंडी येत होती. ऋताने मला सांगितलं होतं, की गट सुरू झाल्यापासून अम्मा एकदाही वंडीत बसल्या नाहीत. तरुण मुली त्यांचं नाव घेऊन दम धरतात. आणि आज त्या माझ्या मानापायी तिच्यात बसणार होत्या.

कोवळमच्या फाट्याजवळ मी सायकल आडवी घातली.

“उतरा. सायकली बदलायच्या.”

“छे! तुम्ही पाहुण्या.”

“मी पाहुणी नाही. आणि तुम्ही बधिर झाल्या आहात.”

“मजला कांहीं झालें नाहीं.”

“तुम्हीच म्हणालात, बधिर झालं की उतरायचं.”

“तें तुम्हांस सांगितलें.”

“मी मुलीची आई आहे. मला मुलीच्या सासूला कडक सीट द्यावंच लागेल.”

“मी मुलाची आई आहें. मी घेणार नाहीं.”

लग्नात आहेरावरून भांडतात तशा आम्ही हायवेवर भांडत होतो, फक्त प्रत्येकीला दुसरीच्या पदरात चांगली वस्तू घालायची होती. वंडी आमच्याशी येऊन थांबली. ड्रायव्हरला वाटलं, दोघींना बसायचंय. त्याने दार उघडलं आणि दोन केळी सोलून पुढे केली.

त्या केळ्यांकडे बघून माझा आवाज चढला. “राजलक्ष्मीबाई, तीन वर्षं झाली. एकदा तरी मला दुखतंय म्हणा! जेवण बिघडलं म्हणा, साडीचा रंग आवडला नाही म्हणा, काहीतरी म्हणा! तुम्ही छान छान म्हणत वंडीत बसलात, तर मी महाबलीपुरमला पोचूनही पोचले नाही असंच होईल.”

त्यांनी झालरीवर हात फिरवला. मग इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं.

“बधिर झालें हो. पुलाच्या आधींपासून.” आणि जरा थांबून, “त्या साडीचा रंगही आवडला नाहीं.”

मी त्यांना मिठी मारली. हेल्मेटवर हेल्मेट आपटलं.

उंची दोघींची सारखी, माप तर कणकेने सिद्ध केलेलं. त्यामुळे तह सोपा होता. थोडं अंतर त्यांनी काळ्या सीटवर जायचं, मग थांबून, चालून, रक्त खेळतं करून माझी पाळी. झालरीचं जेल कव्हर मी उपटून काढलं. खालचं नुसतं रुंद सीट आदर्श नव्हतं, पण त्यात माणूस बुडत तरी नव्हता. ते कव्हर ड्रायव्हरने मागून घेतलं, आपल्या सीटवर अंथरलं, बसून पाहिलं आणि परमानंदाने मान हलवली. प्रत्येक वस्तूची एक योग्य जागा असते. झालरीची अम्मा-वंडीत होती.

महाबलीपुरम

आम्ही सगळ्यांच्या शेवटी पोचलो, पण चाकांवर पोचलो. वंडी आमच्या मागे रिकामी आली.

आता देवळाचं वर्णन, कबूल केल्याप्रमाणे. समुद्राच्या काठावर दगडी देऊळ आहे, दोन शिखरांचं, खारं वारं खाऊन त्याच्या मूर्तींचे नाकडोळे विरघळत चाललेत, तरी ते इतक्या शतकांनंतर एका जागी बसून आहे. दगडावर. त्याची बैठक पाहून मला अपार आदर वाटला. फाटकाबाहेर सायकलींसह फोटो काढला आणि भिशीच्या ग्रुपवर टाकला, घरीही पाठवला. आमच्या ह्यांचाही संदेश आला, “टेम्पो कुठे आहे?” मी फोन पिशवीत टाकला.

गट ज्या खाणावळीत पोंगल खायला शिरला, तिथे आम्ही दोघी भिंतीशी उभ्या राहून खात होतो. पोंगल म्हणजे आपल्या मुगाच्या खिचडीने तूप आणि मिरी यांच्याशी लग्न केलं तर जे होईल ते. मालक दोनदा खुर्च्या घेऊन आला, आम्ही दोनदा परत पाठवल्या. तेवढ्यात ऋता आणि श्रीनिवास कारने आले. दारातून ऋताने पाहिलं, सगळ्या बसल्यात आणि तिची आई आणि तिची सासू दोन हात अंतरावर, ताठ, उभ्या. तिचा चेहरा उतरला.

“आई, काय झालं? भांडलात?”

“हो,” मी म्हटलं.

“फार भांडलों,” राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

“मग बसून बोला ना! प्लीज, दोघी बसा आधी.”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं, आणि राजलक्ष्मीबाईंच्या हातातला पोंगल सांडला. ऋता बिचारी आमच्याकडे बघत राहिली. तिला शेवटी सगळं सांगितलं, चपात्या सोडून.

परत

निघायच्या दिवशी विहीणबाईंनी मला पाटावर बसवून ओटी भरली. नारळ, विडा, हळदकुंकू आणि साडी. साडीचा रंग त्यांनी मला आधी विचारला होता आणि मी खरं उत्तर दिलं होतं. पिशवी फार जड लागली, पण नारळ असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. स्टेशनवरच्या तपासणीत मशीन थांबलं. पोलीसबाईंनी पिशवीत हात घातला आणि ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळलेलं ते काळं, अरुंद, चकचकीत सीट बाहेर काढलं.

“हे काय?”

“ओटीतलं आहे,” मी म्हटलं. याहून चांगलं स्पष्टीकरण माझ्याकडे नव्हतं. त्यांनी ते नाकाशी नेऊन पाहिलं, नारळाशेजारी ठेवलं आणि मला जाऊ दिलं.

गाडीतूनच फोन केला. “अहो, हे तुमचं किती वर्षांचं बसून बसून तयार झालेलं सीट. आता तुम्ही कशावर बसणार?”

“नवें घेईन, त्याच मापाचें,” त्या म्हणाल्या. “नवें म्हणजे आरंभीं दुखेल.”

“मग?”

“मग तुम्हांस सांगेन की.”

मला ते बोलण्यापुरतं वाटलं. सवय इतक्या लवकर जाते थोडीच. सांगलीला येऊन सीट माझ्या सायकलवर चढवलं, लिंबू ठेवून पाहिलं, घाटावर जाऊन आले, भिशीत सगळी कथा सांगितली. त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी चहा गाळत होते आणि फोन वाजला. चेन्नईचा. जेवण नाही, प्रवास नाही, सगळे कसे आहेत नाही.

“दुखतें हो, विहीणबाई,” पलीकडून आवाज आला. “भारी दुखतें.”

मी गाळणं बाजूला ठेवलं, खुर्ची ओढली आणि ऐकायला बसले.